वचनाच्या अधीन राहून : उपदेशाची तयारी आणि मंडळीची देखरेख

ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाकडे (धर्मगुरूकडे) दोन वेगवेगळी कामे असतात, अशी समजूत सर्रास आढळते. रविवारचा उपदेश हे एक काम, आणि आठवडाभराच्या भेटी, बैठका, हिशोब व तंटे हे दुसरे. प्रत्यक्षात दोन्ही कामांचा पाया एकच आहे, तो असा की पाळकाला जो काही अधिकार आहे तो त्याचा स्वतःचा नसून वचनाचा, म्हणजे बायबलचा आहे. व्यासपीठावर शास्त्राला (म्हणजे त्याच बायबलला) बांधील राहणारा पाळक बैठकीत मात्र स्वतःचेच खरे करू लागला, तर सकाळी केलेला उपदेश तो संध्याकाळी आपल्याच हाताने पुसून टाकतो. उलट, व्यवस्था चोख ठेवणारा आणि सर्वांशी गोड बोलणारा पाळक रविवारी शास्त्राऐवजी स्वतःची मते ऐकवू लागला, तर मंडळी वरून सुखरूप दिसते, पण आतून उपाशी राहते. म्हणून पुढील मार्गदर्शनात दोन्ही कामांचा विचार एकत्र केला आहे.

एज्राने परमेश्वराच्या नियमशास्त्राचा अभ्यास करण्याकडे, ते आचरण्याकडे आणि ते इस्राएलात शिकवण्याकडे मन लावले होते, असे एज्रा ७:१० मध्ये सांगितले आहे. आधी अभ्यास, मग आचरण आणि त्यानंतर शिकवणे, असा हा क्रम आहे. मधली पायरी गाळून पहिलीवरून थेट तिसरीवर जाण्याचा मोह प्रत्येक उपदेशकाला होतो, कारण रविवार काही कोणासाठी थांबत नाही.

उतारा कसा निवडावा

शास्त्रातील एखादे पुस्तक घेऊन ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत, उताऱ्यामागून उतारा असे मंडळीपुढे उलगडत नेणे ही पद्धत बहुतेक मंडळ्यांसाठी सर्वांत हितकारक आहे. ती नवी नाही. १५१९ च्या जानेवारीत धर्मसुधारक उल्रिख झ्विंग्ली याने झुरिकमध्ये नेमून दिलेली वाचने बाजूला ठेवून मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या अध्यायापासून ओळीने सांगायला घेतले, आणि त्याच्याही सुमारे ११०० वर्षे आधी प्राचीन मंडळीतील उपदेशक योहान ख्रिसोस्तम अशाच रीतीने पुस्तकेच्या पुस्तके लोकांना समजावून देत होता. या पद्धतीचा मोठा फायदा असा की विषय उपदेशकाच्या आवडीने ठरत नाही. ज्या वचनांना तो आपणहून कधीच हात लावला नसता, त्यांच्यापाशी त्याला थांबावे लागते. घटस्फोट, पैसा, न्याय, नरक यांविषयीचा उतारा क्रमाने आला की पाळकाने हा विषय आजच का काढला आणि त्याचा रोख कोणावर आहे, अशी शंका घेण्यास कोणालाही जागा राहत नाही. प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीच्या वडिलांना (म्हणजे पुढाऱ्यांना) सांगितले की देवाचा संपूर्ण मनोदय तुम्हांला सांगण्यात मी कसूर केली नाही (प्रेषितांची कृत्ये २०:२७). केवळ आवडीचे उतारे निवडणाऱ्याला असे म्हणता येणार नाही.

तरीही या पद्धतीचे अवडंबर माजवू नये. एकाच पत्रावर चार वर्षे बोलत राहिल्याने मंडळीला त्या पत्राचा एकेक शब्द ठाऊक होतो, पण शास्त्राचा एकंदर आवाका कळत नाही. लहान पत्रानंतर जुन्या करारातील एखादे कथनपर पुस्तक, त्यानंतर काही स्तोत्रे, मग एखाद्या शुभवर्तमानाचा भाग, अशी अदलाबदल करावी. ज्या मंडळ्यांत वर्षभराची वाचने आधीच नेमलेली असतात, तेथे नेमलेल्या वाचनांपैकी एक नीट धरून त्यावरच बोलावे. तिन्ही-चारही वाचनांना ओझरता स्पर्श करत फिरू नये. मंडळीत मृत्यू झाला किंवा मोठे संकट कोसळले, तर चालू असलेला क्रम थांबवून त्या प्रसंगाला साजेसा उतारा घेण्यात काहीही चूक नाही.

उताऱ्याची हद्द ठरवताना अध्यायांच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये. आज छापले जातात ते अध्याय साधारणपणे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन याने पाडले, आणि नव्या करारातील ओव्यांचे आजचे क्रमांक फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तियेन याने १५५१ मध्ये छापले. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत यशया ५२:१३ पासून सुरू होऊन ५३:१२ ला संपते, पण अध्यायाची रेघ त्याच्या मधूनच गेली आहे. त्रेपन्नाव्या अध्यायापासूनच वाचायला सुरुवात केली, तर सेवक उंचावला जाईल हे आरंभीचे वाक्यच श्रोत्यांच्या कानी पडत नाही.

अभ्यास

आठवड्याच्या पहिल्याच दिवशी उतारा मोठ्याने, सावकाश आणि अनेकदा वाचावा. शक्य असल्यास दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवावीत, आणि ज्याला इब्री किंवा ग्रीक येते त्याने मूळ पाठही पाहावा. या टप्प्यावर भाष्यग्रंथ उघडू नयेत. आधी आपल्याला पडलेले प्रश्न कागदावर उतरवावेत, त्यांची उत्तरे उताऱ्यातच शोधावीत आणि त्यानंतरच भाष्यकारांना विचारावे. अन्यथा आपण उतारा वाचतच नाही. कोणीतरी केलेले त्याचे वर्णन तेवढे वाचतो.

मार्क ४:३५-४१ हा सर्वांच्या परिचयाचा उतारा घेऊ. येशू वादळ शांत करतो, ही ती घटना. या उताऱ्यावरचा नेहमीचा उपदेश ठरलेला असतो: आपल्या जीवनातही वादळे येतात, येशूला हाक मारा, तो ती शांत करील. पण उतारा निवांत वाचला तर त्यात काय दिसते? पलीकडे जाण्याची सूचना शिष्यांची नाही, येशूची आहे. म्हणजे त्याची आज्ञा पाळल्यामुळेच ते वादळात सापडले. तो नावेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपला आहे. त्याला उठवताना शिष्य मदत मागत नाहीत, तर तक्रार करतात की आम्ही बुडत आहोत याची तुम्हांला काळजी नाही काय. तो वाऱ्याला धमकावतो, समुद्राला गप्प राहण्यास सांगतो आणि सगळे निवांत होते. त्यानंतर तो शिष्यांच्या भित्रेपणाविषयी व विश्वासाविषयी विचारतो. आणि आता, वादळ शमल्यावर, शिष्य अतिशय भयभीत होतात व एकमेकांना विचारतात की वारा आणि समुद्रसुद्धा ज्याचे ऐकतात असा हा आहे तरी कोण.

येथे उपदेशकाने थबकले पाहिजे. धोका टळल्यावर भय वाढले, हे असे का? याचे उत्तर जुन्या करारात सापडते. स्तोत्र १०७ मध्ये खलाशी संकटात आरोळी करतात आणि परमेश्वर वादळ शमवतो. समुद्राला आवरणे हे इस्राएलाच्या श्रद्धेप्रमाणे देवाचे काम आहे, आणि ते काम आता त्यांच्याच नावेत झोपलेल्या माणसाने एका शब्दात केले. योनाच्या पहिल्या अध्यायातही झोपलेला संदेष्टा, घाबरलेले खलाशी आणि अचानक शांत झालेला समुद्र आहे, आणि तेथेही समुद्र शांत झाल्यावर खलाशांना परमेश्वराचे अतिशय भय वाटते. मग पुढे पाहावे: पाचव्या अध्यायात अशुद्ध आत्मे, बारा वर्षांचा आजार आणि याइराच्या मुलीचा मृत्यू यांवर येशूचा अधिकार एकामागून एक दाखवला आहे. म्हणजे मार्क या सगळ्या भागात एकच प्रश्न लावून धरतो आहे, आणि तो प्रश्न शिष्यांच्या तोंडून आपल्याला ऐकू आला आहे.

एवढे झाल्यावर उताऱ्याचा मुख्य विचार एका वाक्यात लिहावा. येथे तो काहीसा असा होईल: वाऱ्याला आणि समुद्राला आज्ञा करणारा देव शिष्यांच्या नावेत आहे, म्हणून वादळापेक्षा त्याचे भय धरावे आणि तो झोपलेला दिसत असतानाही त्याच्यावर विश्वास ठेवावा. हे वाक्य नेहमीच्या उपदेशाहून वेगळे तर आहेच, शिवाय ते अधिक प्रामाणिकही आहे. मंडळीत कोणाचा तरी आजार बरा होणार नाही आणि कोणाची तरी नोकरी परत मिळणार नाही. प्रत्येक वादळ शमेल असे वचन या उताऱ्याने दिलेलेच नाही. प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये पौलाचे जहाज शेवटी फुटलेच. त्यावरची २७६ माणसे मात्र किनाऱ्याला लागली. शास्त्राने न दिलेले आश्वासन पाळकाने दिले, तर ते खोटे ठरते तेव्हा दुःखी माणसाचा विश्वास पाळकावरून उडतोच, पण शास्त्रावरूनही उडतो.

संदर्भ सोडून वापरली जाणारी वचने उपदेशकाला आधीपासून ठाऊक असावीत. यिर्मया २९:११ मधील भविष्याविषयीचे आश्वासन बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या ओवीत ७० वर्षे थांबावे लागेल असे स्पष्ट सांगितले आहे; म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या पुष्कळांच्या हयातीत सुटका होणार नव्हती. फिलिप्पैकरांस ४:१३ हे परीक्षेत किंवा धंद्यात यश मिळवण्याविषयी नाही, तर भरपुरीत आणि उपासमारीत सारखेच समाधानी राहण्याविषयी आहे. मत्तय १८:२० मधील दोघे-तिघे हे प्रार्थनासभेला कमी लोक आले म्हणून वापरायचे सांत्वन नव्हे; त्या वचनाच्या आधीचा परिच्छेद अपराधी भावाशी मंडळीने कसे वागावे याविषयी आहे. अशी वचने संदर्भात ठेवून सांगितली की त्यांची ताकद कमी होत नाही, वाढते.

उताऱ्याचा प्रकारही ध्यानात घ्यावा. नीतिसूत्र हे जीवनाचा सर्वसाधारण नियम सांगते, त्याला हमीपत्र समजू नये. स्तोत्र प्रार्थना म्हणून, दृष्टान्त त्यातील मुख्य वळण पाहून आणि पत्र त्यातील युक्तिवादाचा धागा धरून सांगावे. कथेत घडलेली प्रत्येक गोष्ट अनुकरणीय असतेच असे नाही.

जुन्या करारावर बोलताना एक खबरदारी आवश्यक आहे. पुनरुत्थानानंतर येशूने मोशे व सर्व संदेष्टे यांपासून सुरुवात करून स्वतःविषयीच्या गोष्टींचा अर्थ शिष्यांना सांगितला (लूक २४:२७), म्हणून ख्रिस्ती उपदेश जुन्या करारातून ख्रिस्तापर्यंत पोहोचला पाहिजे. दावीद व गल्याथ यांच्या कथेतून फक्त धैर्याचा धडा काढला, तर तो उपदेश कोणत्याही सभागृहात चालला असता. त्या कथेत इस्राएलाचे सैन्य भीतीने गप्प उभे आहे आणि देवाने अभिषिक्त केलेला एकटा पुढे जाऊन सर्वांच्या वतीने विजय मिळवतो. श्रोत्यांची जागा आधी त्या घाबरलेल्या सैन्यात आहे. मात्र निवासमंडपाच्या (इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या) प्रत्येक खुंटीत ख्रिस्ताची खूण शोधण्याचा अट्टहासही करू नये. उताऱ्याचा त्याच्या काळातील अर्थ आधी प्रस्थापित करावा आणि मग शास्त्राच्या पुढील ओघात तो कोठे जाऊन मिळतो ते दाखवावे.

मांडणी आणि बोलणे

मुख्य विचाराचे वाक्य हाती आले की अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यात बरेचसे वगळायचे असते. अभ्यासात सापडलेले सर्व काही सांगण्याची ओढ असते, पण जे मुख्य विचाराला साहाय्य करत नाही ते कितीही रंजक असले तरी वहीतच राहू द्यावे. मुद्दे तीनच असावेत असा काही नियम नाही. उताऱ्यात दोन पावले असतील तर दोन, चार असतील तर चार. आणि मुद्द्यांना यमक जुळवण्याच्या नादात अर्थाची ओढाताण करू नये. श्रोत्यांना उपदेशभर आपापले शास्त्र उघडे ठेवायला लावावे आणि प्रत्येक विधान कोणत्या ओवीतून आले ते दाखवावे. बिरुया येथील लोक पौलाचे म्हणणेसुद्धा शास्त्रात रोज पडताळून पाहत होते, आणि त्या पुस्तकाचा लेखक लूक त्याबद्दल त्यांची प्रशंसा करतो (प्रेषितांची कृत्ये १७:११). आपले म्हणणे पडताळले जावे अशी सोय उपदेशकाने स्वतःच करून द्यावी.

वचनाचा जीवनाशी संबंध जोडताना मंडळीतील माणसे डोळ्यांसमोर आणावीत: नुकतीच विधवा झालेली स्त्री, घरच्यांच्या आग्रहाखातर आलेला तरुण, वर्षानुवर्षे वचन ऐकून निबर झालेला सभासद, प्रथमच आलेला आणि काहीही न मानणारा पाहुणा. उताऱ्याचा मुख्य विचार यांपैकी प्रत्येकाला काय सांगेल हे लिहून पाहावे. ‘प्रार्थना करा, शास्त्र वाचा, प्रीती करा’ असा ठरावीक शेवट कोणत्याही उताऱ्याला जोडता येतो, आणि म्हणूनच तो निरुपयोगी असतो. शास्त्र जेथे आज्ञा करते तेथे आज्ञा करावी, जेथे सांत्वन देते तेथे सांत्वन द्यावे. सांत्वनाच्या उताऱ्यावरून लोकांना रागे भरणारा उपदेशक शास्त्राचा सूरच बदलून टाकतो.

व्यासपीठावरून कोणा एका व्यक्तीला, नाव न घेता पण सर्वांना कळेल अशा रीतीने, टोमणे मारणे हा अधिकाराचा दुरुपयोग आहे, कारण तिला तेथे उत्तर देता येत नाही. जे खाजगीत बोलायचे ते खाजगीत बोलावे. १५३८ मध्ये जिनिव्हाच्या नगरसभेने धर्मसुधारक जाँ काल्व्हिन याला शहराबाहेर घालवले. तीन वर्षांनी, १५४१ च्या सप्टेंबरात, त्याला सन्मानाने परत बोलावले गेले, तेव्हा त्याने विरोधकांचा समाचार घेण्याऐवजी पूर्वी जेथे थांबला होता त्याच्या पुढच्याच उताऱ्यापासून उपदेश चालू केला. शास्त्राचा क्रम पाळण्याची सवय रागाच्या काळात उपदेशकाचे असे रक्षण करते.

संपूर्ण उपदेश लिहून काढावा की टिपणांवर बोलावे हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. निदान पहिली काही वर्षे तो लिहून काढणे चांगले, कारण कागदावर विचारांतील फट लगेच उघडी पडते. उताऱ्याचे वाचन घाईने उरकू नये. ते आधी तयारी करून, विरामचिन्हांकडे लक्ष देऊन करावे, कारण त्या तासाभरात निर्विवादपणे देवाचे असलेले शब्द तेवढेच आहेत. दुसऱ्याचा तयार उपदेश आपला म्हणून सांगू नये. त्यातला एखादा विचार घेतलाच, तर कोणाचा ते सांगावे. शनिवारी रात्री इंटरनेटवरून उतरवून घेतलेला उपदेश रविवारी निभावून जातो खरा, पण त्या उताऱ्याने उपदेशकाला स्वतःला काहीच केलेले नसते आणि काही महिन्यांत मंडळीला ते जाणवू लागते.

कळपाची देखरेख

पेत्राने वडिलांना लिहिताना स्वतःला त्यांच्या सोबतीचा वडील म्हटले आहे आणि तीन मोह नावे घेऊन सांगितले आहेत: भाग पडते म्हणून काम करणे, द्रव्यलोभाने करणे आणि सोपवलेल्या लोकांवर धनीपण गाजवणे (१ पेत्र ५:१-३). तिसरा मोह सर्वांत फसवा असतो, कारण तो आवेशाचे रूप घेऊन येतो. पाळकाला विरोध म्हणजे देवाला विरोध, ही भाषा ज्या मंडळीत ऐकू येऊ लागते तेथे काहीतरी गंभीर बिघडले आहे असे खुशाल समजावे. पुढे पुढे करण्याची हौस असलेला दियत्रफेस योहानाच्या तिसऱ्या पत्रात आहे. तो बंधुजनांचा स्वीकार करत नसे आणि जे करत त्यांना मंडळीबाहेर घालवत असे.

यावरचा नव्या करारातील उपाय असा की देखरेख एकट्याकडे ठेवायची नाही. पौल व बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील नेमले, एक वडील नव्हे (प्रेषितांची कृत्ये १४:२३), आणि पौलाने आपला सहकारी तीत याला क्रेतात नगरोनगरी तेच करण्यास सांगितले होते. वेगवेगळ्या पंथांत यांना वेगवेगळी नावे आहेत व अधिकारांची रचनाही निराळी आहे, तथापि पाळकाला ‘नाही’ म्हणू शकतील अशी चार-पाच प्रौढ माणसे प्रत्येक मंडळीत असलीच पाहिजेत. त्यांची निवड करताना १ तीमथ्य ३ मधील यादी मंडळीसोबत वाचावी. शिकवण्यास निपुण असणे सोडले, तर जवळजवळ सर्व अटी शीलाविषयी व घरातील वागणुकीविषयी आहेत. श्रीमंती, शिक्षण किंवा घराणे यांचा तेथे उल्लेखही नाही. हात ठेवण्याची (म्हणजे नेमणूक करण्याची) घाई करू नये, असे पौल त्याच पत्रात पुढे बजावतो. रिकामी जागा वर्षभर रिकामी राहिली तर चालते, पण चुकीच्या माणसाला जागेवरून उठवणे फार कठीण जाते.

कामाची वाटणी करण्याचे शास्त्रातील दोन प्रसंग प्रत्येक पाळकाने वर्षातून एकदा वाचावेत. निर्गम १८ मध्ये इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलेला पाहतो आणि हे बरे नाही, तू व लोक दोघेही थकून जाल असे त्याला सांगतो. प्रेषितांची कृत्ये ६ मधील प्रसंग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत असल्याची कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही, तक्रार खरी मानली. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, माणसे कशी असावीत ते सांगितले आणि निवड मंडळीवर सोपवली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्या गटावर अन्याय झाला होता, त्याच्या विश्वासातील माणसांच्या हाती अन्नवाटपाचे काम गेले असे दिसते. प्रेषितांनी स्वतःकडे प्रार्थना आणि वचनाची सेवा ठेवली. तक्रार आली की आधी ती खरी आहे का ते पाहावे, आणि मगच तक्रार करणाऱ्याच्या सुराकडे.

बैठकीचे विषय काही दिवस आधी सर्वांना कळवावेत, निर्णय तेथल्या तेथे लिहून वाचून दाखवावा आणि ज्याचा नातेवाईक किंवा व्यवहार त्या विषयाशी जोडलेला आहे त्याने तेवढ्यापुरते बाहेर जावे. पाळकाने आपले मत शक्यतो शेवटी मांडावे. तो पहिल्यांदा बोलला की बाकीचे पुष्कळदा बोलतच नाहीत.

पैशाच्या बाबतीत पौलाचा नमुना स्पष्ट आहे. यरुशलेमकडे मोठी मदत पाठवताना त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ दिला, कारण कोणी दोष ठेवू नये आणि प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते व्हावे अशी त्याची इच्छा होती (२ करिंथ ८:१८-२१). अर्पण उपासनेनंतर लगेच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या किमान दोघांनी मोजावे, रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि ती न खर्चता आधी बँकेत भरावी. खात्यावर पाळकाची एकट्याची सही चालू नये. ज्या कारणासाठी दान आले त्याच कारणासाठी ते वापरावे. हिशोब ठरावीक काळाने सर्व सभासदांपुढे ठेवावा आणि वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा. कोण किती देतो हे पाळकाने माहीत करून न घेणेच उत्तम; याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा देऊन पक्षपात न करण्याविषयी जे लिहिले आहे, ते पाळणे मग सोपे जाते.

तंट्यांसाठी मत्तय १८:१५-१७ मधील पायऱ्या आहेत: आधी एकट्याने एकट्याशी, मग एक-दोघांना बरोबर घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे. पाळकाकडे कोणी दुसऱ्याविषयी गाऱ्हाणे घेऊन आला की पहिला प्रश्न असा असावा की तुम्ही त्यांच्याशी बोललात का. मात्र या वचनाचा एक घातक गैरवापर होतो. लहान मुलांवरील किंवा स्त्रियांवरील अत्याचार, मारहाण, अफरातफर यांसारखे गुन्हे ‘आपसात मिटवण्या’साठी ही पायरी पुढे केली जाते आणि पीडित व्यक्तीला अत्याचार करणाऱ्यासमोर एकटी बसवले जाते. हे शास्त्राचे पालन नव्हे. रोमकरांस १३ प्रमाणे गुन्ह्याला शिक्षा करण्याचे काम देवाने शासनावर सोपवले आहे, म्हणून अशा प्रकरणाची माहिती तत्काळ पोलिसांना द्यावी, पीडिताला आधी सुरक्षित करावे आणि आरोपी कितीही मान्यवर असला तरी त्याला जबाबदारीवरून लगेच दूर ठेवावे. वडिलांविरुद्धचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांवाचून घेऊ नये असे १ तीमथ्य ५:१९ म्हणते खरे. पण त्याच्या पुढचीच ओवी पाप करत राहणाऱ्या वडिलांचा दोष सर्वांदेखत पदरी घालण्यास सांगते. या दोन ओव्या एकत्रच वाचाव्यात.

नव्या पाळकाने आल्याबरोबर सगळे बदलायला घेऊ नये. इंग्लिश पाळक चार्ल्स सिमियन याची १७८२ मध्ये केंब्रिजमधील होली ट्रिनिटी चर्चमध्ये नेमणूक झाली, तेव्हा तेथील सभासदांना तो नको होता. त्यांनी आपापल्या बाकांना कुलपे लावली; त्याने स्वखर्चाने मधल्या मोकळ्या जागेत आसने ठेवली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती बाहेर फेकून दिली. तो शास्त्र उलगडून सांगत राहिला, तरुण उपदेशकांना घरी जमवून शिकवत राहिला आणि १८३६ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे, त्याच मंडळीत होता. अशी चिकाटी प्रत्येकाला लाभणार नाही, पण पहिले वर्ष ऐकण्यात घालवणे कोणालाही जमण्यासारखे आहे.

ऐकण्याची ही सवय घरभेटींतही लागते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले तोवर ते चांगले सांत्वनकर्ते होते. बोलू लागल्यावर सगळे बिघडले. दुःखाच्या घरी थोडे बसावे, विचारले तर बोलावे, एखादे लहान स्तोत्र वाचावे, नाव घेऊन प्रार्थना करावी आणि निघावे. सभासदांच्या नावांची यादी करून रोज काही नावे प्रार्थनेत घ्यावीत. भेटीत कळलेली खाजगी गोष्ट उपदेशात उदाहरण म्हणून, नाव बदलूनही, वापरू नये. ज्याची ती गोष्ट असते त्याला ती लगेच ओळखू येते आणि मग तो पुन्हा कधी मन मोकळे करत नाही.

पाळकाने आठवड्यातील एक दिवस खरोखर मोकळा ठेवावा, आणि मंडळीबाहेरचा एखादा अनुभवी पाळक असा गाठावा की ज्याला आपल्याला काहीही विचारण्याची मुभा आहे. स्वतःकडे व शिक्षणाकडे लक्ष ठेव, असे पौल तीमथ्याला सांगतो, तेव्हा तो ‘स्वतःकडे’ हा शब्द आधी घालतो.

पुढच्यांच्या हाती देणे

जे तू माझ्याकडून ऐकलेस ते इतरांना शिकवू शकतील अशा विश्वासू माणसांना सोपवून दे, असे २ तीमथ्य २:२ मध्ये आहे. होतकरू तरुणांना आधी लहान सभेत बोलायला द्यावे आणि दोन-तीन दिवसांत त्यांच्याबरोबर बसून तीनच प्रश्न घ्यावेत: उताऱ्याचा मुख्य विचार काय होता, तो उपदेशात आला का, आणि कोणते विधान उताऱ्यात नव्हते. आवाज, हातवारे, विनोद यांची चर्चा नंतर करता येते. पाळक रजेवर असताना बाहेरचा नामवंत वक्ता आणण्यापेक्षा अशांपैकी एकाला मुख्य उपासनेत संधी दिलेली बरी, मग उपदेश थोडा कच्चा झाला तरी चालेल.

बदलीची किंवा निवृत्तीची वेळ आली की नोंदवह्या, बँकेची कागदपत्रे, मालमत्तेचे दस्तऐवज आणि किल्ल्या वडिलांच्या साक्षीने यादी करून सुपूर्द कराव्यात. अपुरी प्रकरणे लेखी कळवावीत, पण सभासदांविषयीची आपली बरीवाईट मते नव्या पाळकाच्या कानात घालू नयेत. त्याला माणसे स्वतः ओळखू द्यावीत. मिलेताहून निघताना पौलाने वडिलांना देवाच्या व त्याच्या कृपेच्या वचनाच्या स्वाधीन केले (प्रेषितांची कृत्ये २०:३२). गेल्यानंतर जुने सभासद फोन करून नव्या पाळकाविषयी तक्रार करतील. त्यांची विचारपूस करावी, तक्रारीवर मत देऊ नये, आणि थेट नव्या पाळकाशी किंवा वडिलांशी बोलण्यास त्यांना सांगावे.